खोटा शेक

घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. टक्कल पडलं, चष्मा जाड झाला, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी तो धाकटाच राहिला. कारण त्याच्यावर दादा होता, आणि दादा असेपर्यंत या घरात दुसऱ्या कुणाला मोठं व्हायची परवानगी नव्हती. आईवडील लवकर गेले तेव्हा दादाने शाळा सोडून कात्री हातात घेतली, सलून चालवलं आणि धाकट्याला कॉलेजपर्यंत शिकवलं. "लोकांची डोकी मी सांभाळतो, तू तुझं वापर," एवढाच त्याचा उपदेश.

धाकट्याने ते वापरलं आणि एका संशोधन संस्थेत नोकरी धरली. प्राण्यांच्या विभागात रेडिएशनचं यंत्र चालवायचं, हे त्याचं काम. रेडिएशन म्हणताना जीभ अडखळते, म्हणून तिथे सगळे शेक म्हणत आणि त्याला शेकवाले. यंत्र मूळचं माणसांचं. शेजारच्या इस्पितळात ते म्हातारं झालं, तिथे नवं आलं, आणि हे इकडे उंदरांच्या सेवेला रुजू झालं. अख्खा माणूस झोपेल एवढं टेबल, आणि त्याच्या मधोमध एक ट्रे. ट्रेमध्ये गुंगीत पडलेला एक उंदीर, पाय पसरून, जणू सगळं टेबल त्याच्याच मालकीचं.

या उंदरांच्या मेंदूत गाठ वाढवलेली असे. मग त्यांचे चार गट पाडायचे. एका गटाला नुसतं औषध, एकाला नुसता शेक, एकाला दोन्ही. दोन्ही एकत्र दिलं तर गाठ जास्त दबते का, हे बघायचं होतं. चौथ्या गटाला काहीच नाही. पण काहीच नाही म्हणजे पिंजऱ्यात नुसतं ठेवून द्यायचं असं नाही. त्यांनाही नळीने पोटात साधं पाणी सोडायचं, त्यांनाही गुंगी द्यायची, टेबलावर ठेवायचं, अंगावर शिशाचं झाकण घालायचं, यंत्राचा हात गोल फिरवायचा, पंप घरघरू द्यायचा. फक्त किल्ली फिरवायची नाही. किल्ली फिरल्याशिवाय किरण सुटत नाहीत. या प्रकाराला तिथे खोटा शेक म्हणत.

"एवढं नाटक कुणासाठी हो?" धाकट्याने नवा असताना मॅडमना विचारलं होतं. मॅडम म्हणजे या सगळ्या अभ्यासाच्या प्रमुख. कडक बाई, पण उंदराला सुई टोचताना हळूच "सॉरी हं राजा" म्हणणाऱ्या.

"उंदरासाठी नाही," त्या म्हणाल्या. "आपल्यासाठी. आपण आशाळभूत माणसं. एखादा उंदीर दोन उड्या मारायला लागला की लागू पडलं, लागू पडलं म्हणून नाचतो. शेजारच्या पिंजऱ्यात खोट्या शेकवालाही उड्या मारताना दिसला, की मग पाय जमिनीवर येतात."

धाकट्याला हे इतकं पटलं होतं की नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो ते स्वतःचं म्हणून ऐकवायचा. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्याच्यासाठीच केली असावी. पण ते पुढे.

दादाचं दुखणं सलूनमध्येच उघडं पडलं. एका गिऱ्हाइकाचे केस कापून दादाने चादर झटकली, आरसा मागे धरला आणि म्हणाला, "बघा, झालं." गिऱ्हाइकाने बघितलं. डोक्याची एक बाजू चकाचक, दुसऱ्या बाजूला जंगल जसंच्या तसं. त्याला वाटलं दादा थट्टा करतोय. दादा थट्टेखोर होताच. पण दादाला खरोखरच दुसरी बाजू दिसत नव्हती. डोळे शाबूत होते, मेंदू त्या बाजूची दखलच घेत नव्हता. तपासण्या झाल्या आणि गाठ निघाली.

"आयुष्यभर लोकांची डोकी फिरवली," दादा ऑपरेशनच्या आधी म्हणाला, "शेवटी माझंच फिरलं."

वहिनी हसली नाही. तिने त्याच्या शर्टाचं बटण उगाच उघडून परत लावलं.

ऑपरेशननंतर इस्पितळात त्याला शेक आणि गोळ्या, दोन्ही एकत्र सुरू झालं. धाकट्याच्या जिवात जीव आला. संस्थेत दोन्हीवाल्या गटाचे उंदीर बाकीच्यांपेक्षा जास्त टिकत होते, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी बघत होता. त्याने ते घरी सांगितलं, आणि दादाने उंदरांशी नातंच जोडलं. रोज संध्याकाळी धाकटा आला की पहिला प्रश्न तोच.

"काय रे, माझ्या गटातले कसे आहेत?"

"मजेत आहेत. एकाने आज पिंजरे साफ करणाऱ्या मावशीच्या बोटाला चावा घेतला."

"शाब्बास! दोन्हीवालाच असणार. बाकीच्यांत कुठला दम!"

शेकाच्या वेळी डोकं हलू नये म्हणून त्याच्या चेहऱ्यावर बेतून प्लॅस्टिकचा जाळीदार मुखवटा केला होता. नाक, गाल, हनुवटी, सगळं त्याचंच. शेक संपल्यावर इस्पितळाने तो घरी न्यायला दिला. वहिनीला तो बघवेना, म्हणून दादाने मुद्दाम कपाटावर ठेवला. किरण शिरले होते तिथले केस गेले, तर आरशात बघून म्हणाला, "इतका भिकार कट मी उधारीच्या गिऱ्हाइकालाही दिला नाही."

दादाची मुलगी मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायची. लहानपणी डोक्यावर टिचकी मारली की भोकाड पसरायची, म्हणून तिला टिचकी म्हणत. आता ती दारातून आत येताना वाकायची एवढी उंच झाली होती, पण नाव टिचकीच राहिलं. या घरात एकदा मिळालेलं नाव कुणी परत घेत नसे. ऑपरेशनच्या वेळी ती येऊन राहिली, दादा हिंडूफिरू लागल्यावर परत जहाजावर गेली. बापाचा आणि तिचा जीव एकमेकांत इतका होता, की वहिनी चिडून म्हणायची, "मी या घरात भाड्याने राहते बहुतेक."

मग गाठ परत आली.

डॉक्टरांनी धाकट्याला बाहेरच्या व्हरांड्यात घेतलं. वहिनी आत दादाच्या पायात मोजे घालत होती. डॉक्टर म्हणाले, "आता ऑपरेशन नाही आणि शेकही नाही. मेंदूने जेवढा शेक सोसायचा तेवढा सोसलाय. अजून दिला तर गाठीच्या आधी मेंदूच जाईल. तुम्ही त्याच कामातले, तुम्हाला वेगळं काय सांगू? सुजेची गोळी वाढवून देतो. त्याने थोडे दिवस ते खूप बरे दिसतील. त्यावर जाऊ नका. ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या."

धाकट्याला सगळं समजलं. समजणं हाच तर त्याचा धंदा होता. पण आत जाऊन वहिनीला त्याने एवढंच सांगितलं, "गोळी वाढवलीय. बघू म्हणाले." वेळ मारून नेली. रात्रभर त्याला वाटत राहिलं, सकाळी सांगू. सकाळी दादा बूट घालून, मांडीवर मुखवटा घेऊन, दाराजवळच्या खुर्चीत बसलेला होता.

"चल. पुढचा शेक कधी सुरू?"

"दादा, अजून ठरलं नाही."

"ठरलं नाही म्हणजे? दोन्हीवाल्याला एकच देऊन कसं चालेल? गोळी एकटी काय करणार?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बुटांची नाडी वहिनी बांधायची, कारण एका पायाचा बूट दादाला दिसतच नसे. जेवण तसंच राहायचं. शेक सुरू झाल्याशिवाय मी घास घेणार नाही, असा लहान मुलासारखा हट्ट धरून तो बसला. वहिनी धाकट्याच्या मागे लागली, "भावजी, तुमच्याकडे यंत्र आहे ना? तुम्ही एवढ्या वर्षांचे तिथले. काही करता येत नाही का हो?"

तेव्हा धाकट्याला टकलू साहेब आठवले.

तो शाळेत असताना सलूनमध्ये एक निवृत्त साहेब नेमाने यायचे. डोकं कलिंगडासारखं, औषधालाही केस नाही. दादा त्यांना खुर्चीत बसवायचा, चादर बांधायचा, पाणी शिंपडायचा आणि डोक्याभोवती हवेत कात्री चालवायचा. कचकच, कचकच. मधे थांबून मान तिरकी करून बघायचा, परत कचकच. शेवटी मानेवर ब्रश फिरवून आरसा दाखवायचा. साहेब खुश होऊन जायचे. एकदा धाकटा फिसकन हसला, तर ते गेल्यावर दादाने त्याचा कान पिरगाळला. "हसायला काय झालं? बायको गेलीय त्यांची. त्यांच्या डोक्याला हात लावणारं दुसरं कोण आहे?"

तर असा हा खोटा शेक धाकटा संस्थेत नाही, दादाकडेच शिकला होता. आता त्याने तो दादाला द्यायचं ठरवलं. नियमात बसत नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. नोकरीवर गदा येईल, हेही ठाऊक होतं. पण आपल्याला वाढवणारा माणूस बूट घालून उपाशी बसलाय हे बघवत नसेल, तर माणूस नियमाच्या चोपड्या उघडत बसत नाही.

"डॉक्टरांशी बोललो," तो घरी म्हणाला. "हलका शेक द्यायचा म्हणतात. आमच्या जुन्या यंत्रावर. पण बाहेर कुणाला बोलायचं नाही."

दादाने त्या संध्याकाळी पोटभर जेवण केलं. वहिनी ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

विभागातली माणसं घरी गेली की धाकटा त्याला घेऊन यायचा. ट्रे बाजूला काढून टेबलावर स्वच्छ चादर घालायचा. दादाला झोपवून मुखवटा चेहऱ्यावर बसवायचा, कडेच्या खिट्ट्या लावायचा. मग बाहेर येऊन जाड दार ओढायचा, काचेतून बघत यंत्राचा हात फिरवायचा, पंप सोडायचा. किल्ली खिशात. माइकवर म्हणायचा, "हलू नकोस हं दादा. झालंच."

आणि दादा हलत नसे. उंदराला गुंगी द्यावी लागते, दादा नुसत्या विश्वासावर दगडासारखा पडून राहायचा. खिट्ट्या काढल्या की धाकटा विचारायचा, "बरं वाटलं?"

"हलकं वाटतंय," दादा म्हणायचा. "नवं यंत्र नुसतं दिसायला चकचकीत. या म्हाताऱ्याच्या हातात गुण आहे."

जाताना तो पिंजऱ्यांच्या खोलीच्या दाराशी थांबायचा. "माझ्या गटातले कुठले रे?" धाकटा बोट दाखवायचा. दोन्हीवाल्यांचे पिंजरे डावीकडे होते, त्या बाजूचं दादाला काही दिसत नसे. तो उजवीकडच्या पिंजऱ्यांना हात हलवायचा. ते खोट्या शेकवाले होते. धाकट्याने त्याला कधी दुरुस्त केलं नाही.

आणि मग दादा सुधारायला लागला.

पाय ओढायचा थांबला. बोलताना शब्द सापडायला लागले. एके दिवशी शेजाऱ्याला खुर्चीत बसवून त्याची दाढी केली, तीही दोन्ही गालांची. सुजेची गोळी काम करत होती, दुसरं काही नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं होतं. पण वहिनी, यंत्राचं नाव न काढता, सगळ्यांना सांगत सुटली, "शेक लागू पडला." आणि धाकटा, जो शेक देत नव्हता, ज्याच्या खिशात किल्ली होती, तोसुद्धा सायकलवरून घरी येताना गुणगुणायला लागला. त्याला वाटायला लागलं, कुणी सांगावं? डॉक्टर चुकतात. इच्छाशक्ती म्हणून काही असतंच ना! यंत्र जुनं आहे, पंपाबरोबर थोडंफार काही सुटतही असेल. एवढं शिकलेला माणूस, आणि हे असं मनात यायचं! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर काडी त्याने स्वतःच पाण्यात टाकली होती.

अशा दिवसांत टिचकीचा फोन आला. जहाज बंदरात लागलं होतं. वहिनीने आधी तिला सगळं सांगून टाकलं, बाबा जेवतात, बाबा दाढी करतात, काकाने किती केलं बघ. मग टिचकी म्हणाली, "आई, काकाला दे."

धाकट्याने फोन घेतला. समोर दादा बुटाची नाडी बांधत होता. स्वतः. दोन्ही पायांची.

"काका, नीट ऐक," टिचकी म्हणाली. "जहाज पहाटे सुटतंय. आत्ता उतरले तर उतरले. एकदा सुटलं की पलीकडच्या बंदरापर्यंत खाली पाणीच आहे. आईचं मला काही कळत नाही, ती आनंदात आहे. तू त्या कामातला आहेस. मला खरं काय ते सांग. उतरू का?"

दादाने मान वर केली. "काय म्हणते?"

"यायचं का विचारते."

"आत्ता? कशाला? माझा शेक पुरा होऊ दे, केस येऊ देत थोडे. असा भिकार कट घेऊन पोरीला काय भेटायचं! सांग तिला, पुढच्या खेपेला ये, मी बंदरावर घ्यायला येतो."

"काका?"

धाकट्याने दादाकडे बघितलं. नाडीची गाठ छान बसली होती.

"जा तू," तो म्हणाला. "चांगला आहे तो. काळजी करू नकोस, पुढच्या खेपेला ये."

"नक्की?"

"नक्की."

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. खोटं बोलणारा माणूस निदान खरं काय ते लक्षात ठेवतो, रात्री उठून परत फोन करतो. धाकट्याने खरं म्हणूनच सांगितलं. आणि गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो विभागात गेला तेव्हा मॅडम उजवीकडच्या एका पिंजऱ्यापाशी वाकल्या होत्या. आतला उंदीर पाठीची कमान करून, डोळे मिटून, कोपऱ्यात बसला होता. अंगावरचे केस उभे. मॅडमनी त्याला हातात घेतलं तरी त्याने मान उचलली नाही.

"हा?" धाकटा म्हणाला. "हा तर परवा चाकावर पळत होता!"

"हो ना. खोट्या शेकवाला आहे." मॅडमनी त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "मधेच असे बरे दिसतात बिचारे. आणि मग एकदम बसतात. म्हणून तर हा गट ठेवायचा, शेकवाले. नाहीतर परवा मीसुद्धा म्हटलं असतं, लागू पडलं."

धाकटा तिथल्याच स्टुलावर बसला, मग उठला, बाहेर पळाला आणि टिचकीला फोन लावला. फोन लागेना. परत लावला, परत लावला. जहाज पहाटेच सुटलं होतं. जहाज कंपनीच्या ऑफिसात त्याने फोन केला, तर तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "जहाज काही मागे फिरत नाही साहेब. निरोप देऊ शकतो. काय देऊ?"

काय द्यायचा निरोप? शेवटी धाकटा म्हणाला, "पलीकडे उतरलीस की सरळ घरी ये, एवढंच सांगा."

टिचकी काही दूधखुळी नव्हती. तिला जे समजायचं ते समजलं.

त्यानंतर दादा बसलाच. आधी शब्द गेले, मग पाय. दाराजवळच्या खुर्चीत बसवा म्हणून तो हाताने खुणा करायचा, तेव्हा धाकटा आणि वहिनी मिळून त्याला बसवत. पायात बूट, मांडीवर मुखवटा. शेवटचा शेक धाकट्याने त्याला उचलून नेऊन दिला. दादाचं वजन हाताला लागेना. पिंजऱ्यांच्या खोलीपाशी दादाने ओठ हलवले. धाकट्याला विचारायची गरज नव्हती.

"मजेत आहेत," तो म्हणाला. "सगळे मजेत आहेत."

मुखवटा त्या दिवशी तिथेच खुंटीवर राहिला.

जहाजावरून एकदा फोन लागला. वहिनीने तो दादाच्या कानाला लावून धरला. पलीकडून टिचकी वाऱ्यात ओरडून बोलत होती, बाबा, मी येतेय, बाबा, थांब हं. दादाचे डोळे मिटलेले होते. वहिनी म्हणाली, "ऐकतायत हं, ऐकतायत, बोल तू." दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात भांडी घासल्याचा आवाज चालू असताना, दादा गेला.

आता एखाद्या गोष्टीत असा माणूस शेवटी डोळे मिचकावतो, किंवा दोन बोटांची कात्री करून हवेत कचकच करून दाखवतो, म्हणजे ऐकणाऱ्याला कळावं, की याला सगळं ठाऊक होतं. धाकटा अशी खूण शोधत उशाशी बसला होता. ती मिळाली असती तर त्याने आयुष्यभर छातीशी धरली असती. पण तसं काही झालं नाही. दादाला काही ठाऊक नव्हतं. त्याचा धाकट्यावर विश्वास होता, बस, आणि तो विश्वास घेऊन तो गेला.

टिचकी पोचली तेव्हा सगळं आवरलेलं होतं. दारात वाकून आत आली, पाठीवरची पिशवी खाली ठेवली आणि दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. खुर्चीखाली बूट होते. ती रडली नाही. आईजवळ झोपली, सलूनचं कुलूप काढून आत जाऊन आली, कात्र्या पुसून ठेवल्या. काकाशी ती हवं-नको एवढंच बोलत होती. मग एका संध्याकाळी म्हणाली, "काका, मला ते यंत्र दाखव."

धाकटा तिला घेऊन गेला. ती इंजिनातली मुलगी. यंत्राभोवती एक फेरी मारली, टेबल खालीवर करून बघितलं, बाहेरच्या खोलीत येऊन बटणांवरून नजर फिरवली.

"हे पंपाचं. हे हात फिरवायचं. आणि हे भोक?"

"किल्ली लागते. त्याशिवाय किरण सुटत नाहीत."

"कुठे आहे?"

धाकट्याने खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. ती लावून बघेल असं त्याला वाटलं. पण ती किल्लीकडे बघत उभी राहिली.

"बाबाच्या वेळी?"

आता वेळ मारून नेण्यासारखी वेळच उरली नव्हती. "इथेच," धाकटा खिशावर हात ठेवून म्हणाला. "खिशातच होती. सगळ्या वेळी. त्याला देता येण्यासारखं काही राहिलं नव्हतं गं. तो जेवत नव्हता. बूट घालून बसायचा." मग डॉक्टर काय म्हणाले ते त्याने सांगितलं, टकलू साहेबांचं सांगितलं, उंदराचं सांगितलं, आणि फोनवर जे बोललो ते मला खरंच वाटलं होतं, हेही सांगितलं.

"डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं," टिचकी हळू म्हणाली. "भेटायचंय त्यांना बोलवा म्हणून."

"हो."

"मी जहाजाच्या जिन्यावर उभी होते, काका. बॅग भरून. कप्तानाला सांगून ठेवलं होतं. तू नुसतं 'ये' म्हणाला असतास तर मी उतरले असते."

तिने किल्ली त्याच्या हातात परत दिली. मग खुंटीवर तिची नजर गेली. मुखवटा तिथेच होता. तिने तो काढून दोन्ही हातांत धरला, नाकावरून, गालांवरून अंगठा फिरवला. आत जाऊन बूट काढले आणि टेबलावर आडवी झाली, मुखवटा छातीशी धरून. तिचे पाय टेबलाबाहेर जात होते.

"कर," ती म्हणाली.

"काय करू?"

"बाबाला करत होतास ते."

धाकट्याने दार ओढलं. यंत्राचा हात फिरवला. पंप घरघरायला लागला. काचेतून ती दिसत होती, सरळ, न हलता. त्याचा हात सवयीने माइककडे गेला. "हलू नकोस हं," तो म्हणाला. "झालंच." आणि ती हलली ती तेव्हाच. खांदे गदगदायला लागले, मुखवटा छातीवर वरखाली व्हायला लागला. इतक्या दिवसांचं सगळं तिथे बाहेर पडलं. धाकट्याने पंप बंद केला नाही, तिचं पुरतं रडून होईपर्यंत चालू ठेवला. तोही बाहेर बसून रडला.

ती बाहेर आली तेव्हा त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बरं वाटलं?"

टिचकीने नाक पुसलं. "वाटलं," ती म्हणाली. "तेच तर. आत पडल्यावर वाटतं, कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी करतंय. बाबालाही वाटलं असणार." ती बूट घालायला खाली बसली. "बाबाला दिलास त्याबद्दल माझा काही राग नाही. मला फोनवर दिलास त्याचा आहे. तो जाईल की नाही, माहीत नाही. विचारू नकोस."

"नाही विचारणार."

दोघं चालत घरी आले. ती त्याच्या बरोबरीने चालत होती.

दारात वहिनी वाट बघत उभी होती. टिचकीच्या हातातला मुखवटा बघून तिने पहिल्यांदाच तो आपणहून हातात घेतला.

"कुठे गेला होतात गं?"

"काका बाबाला शेक द्यायचा ते यंत्र बघायला."

"बघितलंस ना?" वहिनीचा चेहरा उजळला. "तुझ्या काकाने जिवावर उदार होऊन दिला हो तो शेक. त्याच्यामुळेच ते शेवटचे दिवस बरे गेले. नाहीतर काय केलं असतं आम्ही! चांगलं यंत्र आहे ना?"

धाकट्याने मान खाली घातली. टिचकीने एकदा त्याच्याकडे बघितलं. मग आईच्या डोक्यावरून हात फिरवला, कपाळावर आलेली बट कानामागे सारली.

"हो आई," ती म्हणाली. "चांगलं आहे."

धाकटा दाराशी चपला काढत राहिला.